सिंहपुरांतील एक मिरवणूक

नोकरीनिमित्त सिंगापूर येथें राहणाऱ्या आमच्या चिरंजिवांकडे दोन महिने राहून येण्याचा योग आम्हां उभयतांस गेल्या वर्षीं ज्येष्ठ-आषाढांत आला. मुंबईहून सुमारें साडेपांच तासांत विमान तेथें पोंचतें. घड्याळ मात्र अडीच तास पुढें सारावें लागतें. बेट लहान, सारें मिळून सुमारें ७३५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहून थोडेंसें मोठें. नांव मूळचें आपलेंच. मलायी भाषेंत त्यास 'सिंगापुरा' म्हणतात, तें उघड उघड सिंहपुर होय. 'सेजारा मेलायु' या बखरवजा जुन्या ग्रंथांत अशी कथा आहे कीं, सांग नील उत्तम नांवाच्या राजपुत्रास या बेटावर एक विलक्षण पशु दिसला, तो सिंह होय असें त्यास सांगण्यांत आलें, व त्यावरून त्यानें नगरास हें नांव दिलें. त्या अरण्यांत सिंह कधींच नव्हते. असलाच तर तो वाघ असावा. तथापि ज्याच्या नांवांतच 'नील' व 'उत्तम' हीं पदें आहेत, त्या राजपुत्राच्या चुकीस आम्हां संस्कृतवाल्यांनीं तरी नांवें ठेवूं नयेत हें बरें.

तेथील उंच इमारती, बागा व स्वच्छ रस्ते यांचीं वर्णनें वाचकांनीं इतरत्र पुष्कळ वाचलीं असतील, म्हणून त्यांस येथें रजा देतों. आम्हांस तें शहर दिसलें तें लहान मुलांच्या कपड्यांची यादी हातीं घेऊन पायीं हिंडतांना.

त्याचें असें झालें. आमची नात तेथील सरकारी प्राथमिक शाळेंत तिसरींत शिकते. जुलैच्या २१ तारखेच्या सुमारास तेथील शाळांतून 'वांशिक सलोखा दिन' पाळतात. त्या दिवशीं गणवेशास सुटी असते, आणि मुलें आपल्या किंवा दुसऱ्या समाजाचे परंपरागत पोशाख करून येतात. नातीच्या शाळेनें त्या वर्षीं मैदानावर अशा पोशाखांची मिरवणूक काढावयाचें ठरविलें होतें, व पालकांच्या मंडळावर आमच्या सूनबाई असल्यामुळें दोन वर्गांचें काम त्यांच्या अंगावर आलें. आम्हीं बत्तीस वर्षें शाळामास्तरकी केली. त्यांत निदान पंचवीस स्नेहसंमेलनें आमच्या हातून उरकलीं आहेत. 'मामंजी, तुम्हांला यांतलं कळतं, तुम्ही चला बरोबर,' असें सूनबाई म्हणाल्या. सेवानिवृत्त मास्तरास याहून गोड वाक्य तें कोणतें?

या तारखेमागील इतिहास मात्र गोड नाहीं. सन १९६४ मध्यें सिंगापूर हा मलेशियाचा भाग होता. त्या वर्षीं २१ जुलै रोजीं पैगंबरजयंतीची मिरवणूक पादांग नांवाच्या मैदानावरून गेलांगकडे चालली असतां मलायी व चिनी लोकांत दंगल उसळली. २३ माणसें मेलीं, ४५० हून अधिक जखमी झालीं, व कित्येक दिवस संचारबंदी चालली. सप्टेंबरांत पुन्हां तोच प्रकार होऊन आणखी १३ बळी गेले. पुढील वर्षीं ९ ऑगस्ट रोजीं सिंगापूर वेगळें होऊन स्वतंत्र झालें; आणि १९९७ पासून शिक्षणखात्यानें त्या तारखेची आठवण शाळाशाळांतून ठेवण्याचा प्रघात घातला. ज्या दिवशीं मिरवणुकींत रक्त सांडलें, त्याच दिवशीं मुलांची मिरवणूक काढावयाची, ही कल्पना आम्हांस प्रथम धाडसाची वाटली.

शाळेंतून आलेल्या कागदावर चार रकाने होते : चिनी, मलायी, भारतीय व इतर. सरकारी गणनेंतही हेच चार. भारतीय या सदराखालीं साडी, लेहंगा, परकर, पगडी वगैरे लिहिलें होतें. नऊवारीचा पत्ता नव्हता, व तो असावा अशी अपेक्षाही व्यर्थ. कारण तेथील शाळांत मातृभाषा म्हणून तमिळ घेतां येते, हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी व उर्दू याही घेतां येतात, परंतु त्यांत मराठी नाहीं. आमची नात घरीं मराठी बोलते, शाळेंत इंग्रजी, आणि मातृभाषेच्या तासास हिंदी शिकते! तिच्या वर्गांत एक मुलगा असा होता कीं, बाप चिनी व आई तमिळ. त्यानें कागदावर दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवरच खूण केली होती. त्यास कोठें बसवावें, असें सूनबाईंनीं विचारलें. आम्हीं व्याकरणाचा आधार घेऊन द्वंद्वसमास सुचविला. म्हणजे वर चिनी सदरा व खालीं वेष्टी. त्याच्या घरून निरोप आला कीं, चालेल.

पहिला दिवस चिनी वस्तीचा. साउथ ब्रिज रोडच्या आसपास ही वस्ती आहे, आणि तिच्या ऐन मध्यावर उभें आहे तें श्रीमारिअम्मनचें देऊळ! १८२७ सालीं स्थापन झालेलें हें तेथील सर्वांत जुनें हिंदु देवालय. त्याच्या गोपुरावरून बाजूच्या गल्लीस 'पॅगोडा स्ट्रीट' असें नांव पडलें. आणि त्याच रस्त्यावर चार पावलांवर जामे मशीद आहे. दुकानांतून मुलींचे 'चेओंगसाम' टांगलेले होते : उभी गळपट्टी, छातीवरून तिरकी गेलेली बटणपट्टी, आणि दोरीच्या गांठी वळून केलेलीं बटणें. हा पोशाख हजारों वर्षांचा असावा अशी आमची समजूत होती. पुस्तक पाहतां कळलें कीं, या रूपांत तो शांघाय शहरीं १९२० नंतरच्या दशकांत प्रचारांत आला. म्हणजे आमच्या आजीच्या लग्नांतला शालू त्याहून वडील! स्कॉटलंडच्या डोंगरी लोकांच्या घागऱ्याचीही तीच तऱ्हा. सरकारनें १७४६ सालीं तो कायद्यानें बंद केला, १७८२ सालीं बंदी उठली, आणि राष्ट्रीय पोशाखाचा मान त्यास चढला तो त्यानंतर. रेशीम मात्र खरोखर प्राचीन. कालिदासानें 'शाकुंतलां'त 'चीनांशुक' हा शब्द योजिला आहे. वर्गांत आम्ही त्याचा अर्थ सांगून पुढें जात असूं. येथें तें बोटांनीं चांचपून पाहिलें. दुकानाच्या बाईंनीं किंमत सांगितल्यावर बोटें मागें घेतलीं.

दुसऱ्या दिवशीं अरब स्ट्रीटवर गेलों. दुतर्फा कापडाचीं दुकानें, ठाणांवर ठाणें रचलेलीं, कोठें बातिक, कोठें जरीचें सोंगकेत. जवळच सुलतान मशिदीचा सोनेरी घुमट दिसतो. हल्लींची इमारत १९३२ सालीं पुरी झाली. घुमटाच्या बुडाशीं जो काळा चकचकीत पट्टा आहे तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे, हें सांगून खरें वाटत नाहीं. गरिबांसही या कार्यांत कांहीं देतां यावें म्हणून त्यांच्याकडून या बाटल्या गोळा केल्या होत्या. आम्ही तो पट्टा पाहत इतका वेळ उभे राहिलों कीं, तेवढ्यांत सूनबाई दोन दुकानें उरकून आल्या.

तेथेंच एका पाटीवर 'बुसाना' हा शब्द वाचला. अर्थ विचारतां कळलें, पोशाख. अहो, हें तर आपलें 'भूषण'! मग आम्हांस छंदच जडला. रेशमास 'सुतेरा', म्हणजे सूत्र, कापसास 'कापास', रंगास 'वर्ना', भाषेस 'बाहासा', शिक्षकास 'गुरु', नवऱ्यास 'सुआमी' व बायकोस 'इस्तेरी'. आणि शाळेच्या त्या कागदावर ज्या भेदावरून चार रकाने पाडले होते, त्या भेदास 'बांग्सा', म्हणजे 'वंश'च. माणसांस वेगळीं काढणारा शब्दही आमच्याकडूनच गेलेला! हें सारें आम्ही भर रस्त्यांत सौ. स समजावून सांगूं लागलों, तेव्हां ती म्हणाली, 'सुआमी, आतां घरीं चला. पाय दुखतात.'

सेरांगून रोडवरील भारतीय वस्तींत परकें असें कांहीं वाटत नाहीं, म्हणून लिहिण्यासारखेंही थोडेंच. रेशमी परकरांचे ढीग होते; गजऱ्यांचा भाव सौ. नें मुंबईच्या भावाशीं ताडून पाहिला व तो महाग ठरविला.

नऊवारीची सोय मात्र घरूनच झाली होती. सौ. नें निघतांना बॅगेच्या तळाशीं एक चिरडी घातली होती. हल्लींच्या वाचकभगिनींस हा शब्द कदाचित् नवा वाटेल. लहान मुलीच्या आंखूड लुगड्यास पूर्वीं चिरडी म्हणत. ही हिरवी, तांबड्या कांठांची, हातमागाची. आमच्या मातोश्रींनीं ती आमच्या धाकट्या बहिणीसाठीं घेतली होती. पुढें आमची कन्या ती नेसून भोंडल्यांत नाचली. आतां नातीनें नेसावी म्हणून ती समुद्र ओलांडून आली. पण नातीचा बेत निराळाच होता. तिची एक मलायी मैत्रीण आहे, शेजारच्याच इमारतींत राहणारी.

'आबा, मी हिचा बाजू कुरुंग घालणार, आणि ही माझी नऊवारी नेसणार. ठरलंय आमचं.'

बाजू कुरुंग म्हणजे गुडघ्यापर्यंत पोंचणारा सैल अंगरखा व त्याखालीं पायघोळ वस्त्र. शाळेची अशा अदलाबदलीस ना नव्हती. उलट ती शिक्षकांस आवडे. आम्हीं मात्र एकदम 'नको' म्हटलें, आणि तें इतक्या तुटकपणें कीं पोरीचा चेहरा पडला. रात्रीं सौ. नें कारण विचारलें. सोंवळेंओंवळें तर नाहीं ना, असा तिचा रोख होता. तें कारण नव्हतें. खरें कारण सांगण्यास तीस वर्षें मागें जावें लागलें.

आमच्या शाळेंत एका वर्षीं संमेलनास 'भारतदर्शन' असा देखावा आम्हीं बसविला होता. प्रत्येक प्रांताचा, प्रत्येक समाजाचा पोशाख करून मुली रंगमंचावरून जाणार. गांवाबाहेर लमाणांचा तांडा होता व तेथील एक मुलगी आमच्या सहावीच्या वर्गांत होती. तिनें आपल्या आजीचा घागरा, आरशांची काचोळी व नाणीं लावलेली ओढणी असें गांठोडें बांधून आणलें. तिला वाटलें असावें कीं, तें घालून आपण जाऊं. मुलगी ठेंगणी, अबोल, धीट नव्हे. पाहुणे मोठे यावयाचे होते. आम्हीं तो पोशाख एका अधिकाऱ्यांच्या उंच, गोऱ्या मुलीस घातला. ती ओढणी कशी बसवावी तें आमच्यापैकीं कोणासही येईना, तेव्हां याच मुलीस बोलावलें. तिनें दातांत टांचणी धरून मुकाट्यानें ती दुसरीच्या डोक्यावर नीट बसविली, आणि पडद्याआड उभी राहून तिनें आपल्या आजीचे कपडे टाळ्या घेतांना पाहिले. कार्यक्रम संपल्यावर तिनें ओढणीवरचीं नाणीं एकेक करून मोजलीं, गांठोडें बांधलें व ती अंधारांत तांड्याकडे गेली. पुढील वर्षीं तांड्यावरून संमेलनास कोणीच नांव दिलें नाहीं. आम्हीं तें लक्षांतही घेतलें नाहीं. लक्षांत आलें तें पुष्कळ वर्षांनीं, निवृत्तीनंतर, एका रात्रीं झोंप येईना तेव्हां. ती बाई आतां चाळिशी ओलांडून गेली असेल.

सौ. नें सर्व ऐकून घेतलें व एवढेंच विचारलें, 'तिला तेव्हां तुम्हीं विचारलं होतंत?'

'नाहीं.'

'मग यांना विचारा.'

म्हणून रविवारीं आम्ही उभयतां नातीस घेऊन तिच्या मैत्रिणीच्या घरीं गेलों. तेथील बहुतेक लोक सरकारनें बांधलेल्या उंच चाळवजा इमारतींतून राहतात, आणि १९८९ पासून असा नियम आहे कीं, प्रत्येक इमारतींत प्रत्येक समाजाचें प्रमाण ठराविक मर्यादेंतच राहावें. त्यामुळें एका मजल्यावर उदबत्ती, दुसऱ्यावर कढीपत्त्याची फोडणी, तिसऱ्यावर सुक्या मासळीचा वास, असें चालतें. दार उघडलें तें मुलीच्या आजींनीं. वयानें आमच्याहून दोनतीन वर्षांनीं वडील, डोक्यावरून पांढरें वस्त्र. त्यांस थोडें इंग्रजी येई. उरलेलें मुली सांगत. आमचा आहार त्यांस अगोदरच कळला असावा, कारण चहाबरोबर केवळ फळें व 'ओंदे-ओंदे' नांवाचे हिरवे गोळे ठेवले होते : तांदळाच्या चिकट पिठाचे, आंत माडाचा गूळ, वर ओलें खोबरें. उकडीच्या मोदकाचें चुलतभावंडच. सौ. नें दोन खाल्ले. आम्हीं किती खाल्ले तें येथें सांगत नाहीं.

चिरडी उलगडून दाखविली. आजींनीं तिचे कांठ उलटून मागची बाजू पाहिली, जसें जाणतें माणूस पाहतें. मग त्यांनीं दोन प्रश्न विचारले. पहिला, यांत पोटऱ्या दिसतील काय? दुसरा, हें वस्त्र देवाच्या पूजेचें तर नव्हे? पहिल्यास सौ. नें तत्काळ उत्तर दिलें कीं, आंतून विजार घालूं, लांब बाह्यांचें पोलकें घालूं, व डोक्यावर मुलीचा नेहमींचा रुमाल राहूं द्या. कासोट्याखालीं विजार, हा प्रकार ऐकून आम्ही कांहीं बोलणार होतों, पण सौ. च्या डोळ्याकडे पाहून राहिलों. दुसऱ्या प्रश्नास ती थोडी थांबली. मग म्हणाली, 'पूजेंत नेसतात, शेतांतही नेसतात. आमच्याकडे बायका हें नेसून घोड्यावर बसल्या आहेत.' नातीनें तें इंग्रजींत सांगितलें; मैत्रिणीनें मलायींत. घोड्याचें नांव निघतांच त्या पोरीचे डोळे चमकले, व आजी हंसल्या. मग त्यांनीं आंत जाऊन निळा बाजू कुरुंग आणला आणि नातीच्या खांद्यास लावून पाहिला.

निघतांना २१ तारखेचा विषय निघाला. १९६४ सालीं त्या नऊ वर्षांच्या होत्या. घर गेलांगजवळच्या खेडेवजा वस्तींत, शाकारलेल्या छपराचें. वडील बसवर कंडक्टर होते, ते त्या रात्रीं परतले नाहींत. संचारबंदीमुळें कोणास बाहेर पडतां येईना. घरांत तांदूळ संपले, तेव्हां शेजारची चिनी बाई कुंपणावरून डबाभर तांदूळ देत असे. चौथ्या दिवशीं वडील सुखरूप आले.

'आणि ती चिनी बाई?' आम्हीं विचारलें.

'पुढच्या महिन्यांत तीं माणसें घर सोडून गेलीं,' आजी म्हणाल्या. 'आमच्याच लोकांच्या भीतीनें. डबा आमच्याकडे राहिला.'

हें सांगून त्यांनीं आमच्या पेल्यांत पुन्हां चहा ओतला.

मिरवणुकीच्या दिवशीं पहांटेसच घर जागें झालें. सिंगापूर येथें सात वाजेपर्यंत उजाडत नाहीं, आणि शाळा साडेसातास भरते. दिवाणखान्यांत दिव्याखालीं मैत्रीण मूर्तीसारखी उभी, सौ. निऱ्या घालते आहे, आणि आजी बाजूस बसून नातीच्या अंगरख्याची गळ्याशीं गुंडी लावीत आहेत. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती व कांहीं अडतही नव्हतें. कासोटा खोंवल्याबरोबर पोरीनें एक उडी मारून पाहिली, तो सुटला नाहीं, तेव्हां दुसरी मारली.

शाळेंत पोंचतों तों पावसाची जोराची सर आली. मैदान गेलें, सर्व मिरवणूक छपराखालच्या सभागृहांत आणावी लागली. धांवपळींत द्वंद्वसमासाचा विग्रह झाला, म्हणजे त्या मुलाची वेष्टी सुटली; ती आम्हीं आमच्या कमरेच्या पट्ट्यानें बांधली व उरलेला कार्यक्रम एका हातानें पाटलोण धरून पाहिला. प्रथम राष्ट्रगीत झालें. झुबिर सैद यांनीं रचलेलें तें गीत मलायींत आहे, व चिनी, तमिळ सर्व मुलें तें त्याच भाषेंत म्हणतात. नंतर छातीवर मूठ ठेवून १९६६ सालची प्रतिज्ञा. मग मिरवणूक. शिक्षिकेनें आयत्या वेळीं एक बदल केला होता : ज्यानें दुसऱ्याचें वस्त्र घातलें असेल त्यानें तें कोणाचें हें सांगावयाचें, व ज्याचें असेल त्यानें त्याच्या बरोबरीनें चालावयाचें. आमची ती जुनी हकीकत सूनबाईंनीं तिच्या कानीं घातली होती काय, हें आम्हीं विचारलें नाहीं.

चेओंगसाम गेले, काळ्या टोप्या घातलेलीं मलायी मुलें गेलीं, पगडीवाला एक शीख मुलगा ऐटींत गेला. मग या दोघी हातांत हात घालून आल्या. मैत्रिणीनें ध्वनिक्षेपकापुढें सांगितलें कीं, हें हिच्या पणजीनें घेतलेलें आहे आणि हें नेसून घोड्यावर बसतां येतें. सभागृहांत हंशा पिकला. आमच्या नातीनें सांगितलें कीं, हा हिचा आहे आणि हिच्या आजीनें शिवला आहे. मागच्या बांकावर आजी व सौ. शेजारीं बसल्या होत्या. त्यांच्याकडे पाहण्याचें आम्हीं टाळलें.

दुपारीं पाऊस थांबल्यावर ओल्या मैदानावर मुलें सुटलीं. कासोटेवाली पुढें, आणि पायघोळ वस्त्रांत अडखळणारी आमची नात मागून 'थांब ग, थांब' असें मराठींत ओरडत. ती थांबली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दारावर टकटक झाली. मैत्रीण एकटीच आली होती. एका हातांत ओंदे-ओंद्यांचा डबा, दुसऱ्या हातांत चिरडी. धुऊन, इस्त्री करून, कांठ आंत दुमडून लहान चौकोनी घडी घातलेली. आपल्याकडे अशी घडी घालीत नाहींत. सौ. नें ती हातांत घेऊन उलटसुलट पाहिली. डबा रिकामा करून त्यांत घरचे बेसनाचे लाडू घातले व मुलीच्या हातीं परत दिला. घडी तिनें मोडली नाहीं. तशीच बॅगेच्या तळाशीं ठेवली.